सभासद वाढलेच पाहिजेत

३ जून
अध्यक्ष झालो. बिनविरोध! बाकीचे तिन्ही उमेदवार ऐन वेळी आजारी पडले. माझ्याबद्दल केवढा हा आदर!
आमचा संघ म्हणजे वस्त्यावस्त्यांतल्या छोट्या मदतनिधींचा संघ. गल्लीतून पैसे जमवायचे, गल्लीतल्याच कामाला द्यायचे. वाचनालयाला पंखा, जिन्याला कठडा वगैरे. सभासद-निधी सत्तावीस. त्यातला एक सासऱ्यांनी काढलेला, तो मी चालवतो.
सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेपर्यंत पन्नास सभासद झाले नाहीत, तर संघ मोठ्या महासंघात विलीन होणार, असा ठराव आधीच झालाय. म्हणजे खुर्ची जाणार. आयुष्यात पहिल्यांदा खुर्ची मिळालीये. शाळेत मॉनिटरसुद्धा नव्हतो. सोडणार नाही. टार्गेट: शंभर.

७ जून
पहाटे उठून स्ट्रॅटेजी लिहायची होती. नऊला उठलो. दमलेला लीडर चुकीचे निर्णय घेतो.
कार्यकारिणीची मीटिंग. आमच्या खजिनदारांना सगळे छाननीकाका म्हणतात. ते म्हणाले, येईल त्याला आत घेतलं तर संघाची धर्मशाळा होईल. मदत मागणाऱ्यांना तपासतो तसंच नव्या सभासदांनाही तपासू या. अगदी माझ्या मनातलं! ते बोलल्यावर लक्षात आलं. चिटणीसबाई म्हणाल्या, सर, आपल्याला त्यांची गरज आहे, त्यांना आपली नाही. बाई कामाला वाघ, पण व्हिजन नाही.

२१ जून
पाहणी दौरा. एका बेकरीवाल्याने शेजाऱ्यांना घेऊन निधी काढलाय. बेकरीमागच्या खोलीत बसवलं. कुणी मागायला समोर बसलं की माझी मान आपोआप तिरकी होते. विचारलं, तुमच्या कामाने लोकांच्या आयुष्यात नेमका काय बदल झाला? म्हणाला, शाळेच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधून दिला, आता चाकाच्या खुर्चीतली मुलगी एकटी वर्गात जाते. मी म्हटलं, एकच मुलगी? काकांनी 'एकच' असं टिपून घेतलं.
निघताना त्याने विचारलं, संघात येऊन आम्हाला काय मिळणार? हा प्रश्न आजवर मला कुणी विचारलेला नव्हता. कळवतो म्हणालो. पाव मात्र फर्स्ट क्लास.

१२ जुलै
ऐतिहासिक मीटिंग. चौदा अर्ज! एकेकाचा कीस काढला. कुणाचं मनुष्यबळ तोकडं, कुणाची दूरदृष्टी तोकडी. चौदाच्या चौदा नामंजूर. खेदपत्र मी स्वतः लिहिलं: 'आपल्या कार्याबद्दल नितांत आदर आहे, तथापि…' काका म्हणाले, इतकं सुंदर 'तथापि' फार दिवसांत वाचलं नाही. सगळे खूश.
घरी येताना सिग्नलला थांबलो आणि आठवलं, हे लोक आपल्याला हवे होते.

१३ जुलै
सगळ्यांना फोन केले. बऱ्याच जणांनी उचलला नाही. बेकरीवाला सभ्यपणे बोलला. म्हणाला, आपल्या कार्याबद्दल नितांत आदर आहे, तथापि.

४ ऑगस्ट
बाहेर कुजबुज आहे की जुन्या सभासदांना कुणी तपासलं होतं? खरा लीडर आव्हान अंगावर घेतो. जाहीर करून टाकलं: जुन्यांचीही छाननी! काकांनी टाळ्या वाजवल्या. चिटणीसबाईंनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, सर, मी थकले. मी चार दिवस सुट्टी घ्या म्हटलं. त्या हसल्या. बहुतेक पटलं असावं.

२५ ऑगस्ट
सत्तावीसचे अकरा. काही छाननीत पडले, काही चिडून गेले. घाबरायचं कारण नाही, दर्जा कमालीचा सुधारलाय. बायको म्हणाली, अकराचे पन्नास कसे करणार? हिला गणिताशिवाय काही सुचत नाही.
यादी मात्र तीनदा मोजली.

६ सप्टेंबर
आज आमच्याच निधीची छाननी. काका आणखी दोघांना घेऊन घरी आले. नियमाप्रमाणे मला गॅलरीत थांबवलं. ऐकू सगळं येत होतं. काकांनी हिला विचारलं, अध्यक्षांनी यंदा निधीसाठी काय केलं? ही म्हणाली, ते मीटिंगला जातात. वर्गणी ही जमवते, कामं बघायला ही जाते, हे मला माहीत होतं. पण तिने ओळीने सांगितल्यावर ते काम खूपच वाटलं.
निकाल: निधी उत्तम, प्रतिनिधी नामंजूर. प्रतिनिधी म्हणजे मी. आणि प्रतिनिधी नसलेल्याला अध्यक्ष राहता येत नाही. काकांचे डोळे भरून आले होते, पण सही खणखणीत केली. मला रडू आलं. कुंड्यांना पाणी घातलं.

१४ सप्टेंबर
सर्वसाधारण सभा. मी बाहेर व्हरांड्यात. महासंघाचा निरोप आला की इतके थोडे सभासद असलेला संघ ते विलीनसुद्धा करून घेत नाहीत. संघ बरखास्त. काका म्हणाले, पण पद्धत चोख होती.

२० सप्टेंबर
बातमी: चिटणीसबाईंनी बेकरीमागच्या खोलीत नवा संघ काढलाय. आम्ही नाकारलेले आणि आम्हाला सोडून गेलेले, सगळे तिथे, शिवाय कितीतरी नवे. पन्नाशी कधीच ओलांडली म्हणे. कसली छाननी नाही. या, बसा, काम सांगा. शिस्त म्हणून नाही!
मग विचार केला, त्यांना अनुभवी नेतृत्व लागेलच. गेलो. आयुष्यभर मागणारे समोर बसलेले पाहिले. आज मीच समोर बसून म्हटलं, आम्हाला सभासद करून घ्या. बाई म्हणाल्या, अहो सर, तुमचा निधी पहिल्या दिवसापासून सभासद आहे. वहिनी येतात की! मी म्हटलं, मग मी? म्हणाल्या, एका निधीचा एकच प्रतिनिधी.

२१ सप्टेंबर, सकाळ
हिला विचारलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, तुम्ही विचारलंत कधी?
दुपारी त्यांची सभा आहे. मी येऊ का, म्हटलं. हातातलं पातेलं पुसून ठेवलं. मग म्हणाली, चला, घरच्यांना आणलं तर चालतं. फक्त तिथे कुणाला काही विचारायचं नाही.
कबूल केलं. कपाटापुढे उभा आहे. कुठला शर्ट घालू, एवढं विचारलेलं चालेल का, कळत नाही.