शोदोशिमाला पाठवलेला सेक्रेटरी

६ नोव्हेंबर १९७८, सोमवार

दुपारी बोटीतून उतरलो. बेटाचं नाव शोदोशिमा. पाच दिवस सायकलवर हिंडायचं, रोज नव्या गावात मुक्काम. जपानी कंपनी आपल्या कामगारांना दरवर्षी अशी सहल देते. यंदा भागीदार म्हणून आमच्या चिंचवडच्या कारखान्याला दोन जागा मिळाल्या. एक पर्सोनेल ऑफिसर दौलतराव साहेबांना. दुसरी मला — टूलरूमचा साहेबराव कांबळे, युनियनचा सेक्रेटरी!

मी नको म्हणत होतो. टेंपररी पोरांना कायम करायचा करार अर्धवट पडलेला, त्यात कसं निघायचं? पण कोंडीराम खनपटीलाच बसला. आमचा अध्यक्ष, बारा वर्षांचा दोस्त. "जा रे. मी हाय न्हवं हितं. तू आल्याबिगर कागदाला हात लावत न्हाई." घरी बायको, सरू, तीही म्हणाली, जाऊन या.

७ नोव्हेंबर

सायकलला दहा गिअर! भोसरीहून रोज सायकल मारत ड्युटीला जाणारा मी, पहिल्याच चढाला चेन पाडली. आमचे वाटाडे मोरी-सान, साठीचे, रिटायर्ड शाळामास्तर. त्यांनी बसून हातानंच चेन चढवली. त्यांचे हात काळे, माझेही काळे. दोघंही हसत सुटलो. दौलतराव साहेब मागून सामानाच्या गाडीत.

भात कापून झालाय. पेंढ्या बांबूवर उलट्या टांगल्यात. एका गावात तर गल्लीभर खारट, आंबूस वास — सोयाबीनचा काळा रस लाकडी पिपांत दोन-दोन वर्षं मुरवतात म्हणे.

८ नोव्हेंबर

वाटेत दगडी मूर्ती, गळ्यात लाल फडकं. मोरी-सान म्हणाले, हा जिझो, बोधिसत्त्व, वाटसरूंना सांभाळतो. मी हात जोडले. मी बौद्ध आहे म्हटल्यावर त्यांना कोण आनंद! मुक्कामाच्या घरी सांगितलं, तिथून गावभर झालं. एक म्हातारी आली. दोन केशरी फळं दोन्ही हातांनी पुढं केली आणि कमरेत वाकली. माझ्यासमोर! आमच्या गावात पाटलांच्या आळीतून जाताना बाबा वहाणा हातात घेऊन चालायचे. मीही वाकलो.

बाबा, तुम्ही हवे होता.

९ नोव्हेंबर

चाळीस किलोमीटर झाले. पाय भरून आलेत. इतका सुखात मी कधी होतो, आठवत नाही.

१० नोव्हेंबर

दुपारी दौलतराव साहेबांना फोन आला. जेवताना खुशीत होते. म्हणाले, "करार झाला, साहेबराव. आता निवांत सायकल चालवा."

माझ्या सहीशिवाय कसा झाला? तर मी रजेवर, म्हणून कोंडीरामनं तात्पुरता दुसरा सेक्रेटरी नेमला. त्याची सही चालली. बासष्ट टेंपररी कामगारांना नारळ. ज्यांना कायम करायचं म्हणून दोन वर्षं भांडलो, तेच बासष्ट.

वर हसून सांगतात — तुमचं नाव कोंडीरामनंच सुचवलं, आम्ही दुसऱ्याला पाठवणार होतो.

मोरी-सान विचारत होते, घरी काही वाईट झालं का. मोडकंतोडकं इंग्रजी तेवढ्यावर संपलं.

११ नोव्हेंबर

शेवटचा चढ. कुणासाठी थांबलो नाही, ऊर फुटेस्तोवर पायडल मारलं. वर पोचलो तर खाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं, पलीकडं समुद्र. सायकल आडवी टाकून रडलो. मोरी-सान धापा टाकत आले. थर्मासमधला चहा ओतून दिला, शेजारी बसून राहिले.

मी इथं हसत होतो, फळं खात होतो, आणि तिकडं यादीत नावं चढत होती.

१५ नोव्हेंबर, भोसरी

गेटवर कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. कँटीनच्या धोंडीबानं चहा ठेवला आणि विचारलं, "जपान कसं होतं, सेक्रेटरी?" एवढंच. बाकीचे कपात बघत राहिले.

संध्याकाळी सयाजी दिसला, बासष्टांतला. कायम झाल्यावर लग्न करणार होता. शब्द मी दिलेला. मला पाहून रस्ता ओलांडून पलीकडं गेला. सगळ्यांना वाटतंय, साहेबराव जपानच्या सहलीवर विकला गेला.

१६ नोव्हेंबर

कोंडीरामच्या घरी गेलो. त्यानं नजर चुकवली नाही.

"व्हय, म्याच धाडलं तुला. तू असतास तर सही झाली नसती."

मी विचारलं, आणि ती बासष्ट घरं? म्हणाला, बाकीची चारशे वाचली. मी म्हटलं, मला तोंडावर सांगायचं होतंस, मी तुझ्याशी भांडलो असतो, पण माणूस म्हणून उभा राहिलो असतो. तो म्हणाला, "मला एकट्यालाच इचारू नगंस."

काय म्हणायचंय ते सांगेना. राजीनामा त्याच्यासमोर ठेवला. बारा वर्षं संपली, म्हटलं, आणि निघालो.

१७ नोव्हेंबर

आज सरू स्वतःहून बोलली. दोन महिन्यांपूर्वी, मी ड्युटीवर असताना, दोन अनोळखी माणसं घरी आली होती. करार अडवला तर नवऱ्याला पुन्हा पाहणार नाहीस, असं दारात उभं राहून सांगून गेली. मला ती काही बोलली नाही. थेट कोंडीरामकडे गेली.

"जपान नव्हते म्हणाले मी," ती म्हणाली. "कुठंतरी लांब पाठवा, एवढंच म्हणाले."