भाचीचं नाव आयला

१० जानेवारी, शनिवार. जळगाव
सकाळीच धुळ्याहून सुहासचा फोन. धाकटा भाऊ, पण बोलण्याआधी खाकरला की समजावं, काहीतरी अडलंय. बाळ छान आहे. बारसं आठ फेब्रुवारीला. आत्या मी एकटीच, तेव्हा नाव मीच ठेवायचं. इथवर ठीक.
"आणि ताई, नाव ठरलंय. आयला."
मी म्हटलं, काय सांडलं रे?
"सांडलं नाही गं. आयला हेच नाव."
इतकी वर्षं शाळेत मराठी शिकवते. वर्गात कुणी 'आयला' म्हटलं की एक पान शुद्धलेखन, हा माझाच नियम. आता तोच शब्द मी चारचौघींत पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात म्हणायचा. शाळेत कळलं तर घराबाहेर, आमच्या पिंप्राळ्याच्या गल्लीत, पाऊल टाकायची सोय नाही.

१२ जानेवारी, सोमवार
केतकीशी बोलले. भावजय शिकलेली, त्यामुळे माझाच तास घेतला. तुर्कीत आयला म्हणजे चंद्राभोवतीचं उजेडाचं कडं. हिब्रूत अगदी जवळचा शब्द आहे, त्याचा अर्थ हरिणी. स्कॉटलंडात ते एका बेटावरून आलं. स्पेलिंगात मध्येच एस लिहितात आणि म्हणत मात्र नाहीत. इंग्लंडात हल्ली शाळेत ही हाक मारली तर चारपाच पोरी वळून बघतात म्हणे. "ताई, कुठेही गेली तरी नाव परकं वाटणार नाही."
कुठेही म्हणजे धुळं सोडून, एवढंच मनात आलं.

१७ जानेवारी, शनिवार. धुळे
दुपारच्या बसने आले. बाळ गोड. नाक आमच्या घरचं, त्याला इलाज नाही.
नावाचा विषय निघाला आणि आमच्या वडिलांनी, आबांनी, कपाळाला हात लावला. "पोरले शिवी कसाले देतस, माय?" केतकीची आई, आमच्या विहीणबाई, बाळंतपणासाठी दोंडाईच्याहून आल्यात. त्या तर पेटल्याच. "गल्लीमा हाक मारशात, ते लोके काय म्हनतीन?" सु. मान खाली घालून डिंकाचा लाडू खात बसला. लाडू बाळंतिणीचे, खातोय हा.
नंतर खोलीत के. आणि मीच. ती बाळाच्या अंगावर हात ठेवून बोलत होती. सु.च्या नोकरीपायी जर्मनीत राहत असताना त्यांचं पहिलं बाळ पोटातच गेलं, ते मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. सु. कामावर जायचा. शेजारी एक तुर्की बाई होती, आयला नावाची. रोज यायची, सूप करून ठेवायची आणि काही न बोलता हिचे केस विंचरत बसायची. "माझी आई इतकी लांब, ताई. तेव्हा तीच होती."
मग शांतपणे म्हणाली, "दुसरं नाव ठेवा. मी बसेन पाळण्याजवळ, हसेनसुद्धा. फक्त त्या नावानं हाक मारणं मला जमणार नाही."
आई स्वतःच्या लेकीला हाक मारणार नाही? मला तिचा राग आला आणि तितकीच मायाही आली. इकडे आड तिकडे विहीर.

२४ जानेवारी, शनिवार. धुळे
पुन्हा आले. आबांना अंगणात गाठून अर्थ सांगितला. चंद्राभोवती कडं असतं ना, ते.
"चांदले खये पडस, ते?"
हो, तेच. मराठीत खळंच म्हणतात की! इतके दिवस मला मास्तरणीला सुचलं नव्हतं.
आबांचा चेहरा एकदम बदलला. धान मळायचं खळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असणार. "खयामा चप्पल घालीसन कोनी जात नही. चांगलं शे." जरा वेळाने, "मंग सरय खयेच ठेवा ना नाव."
हसून हसून पुरेवाट. पण हाक मारायचं काढलं की पुन्हा मान हलवतात.
मी म्हटलं, आबा, तुम्ही माझं नाव मंदाकिनी ठेवलंत. केवढी आकाशगंगा! आणि जन्मभर हाक मारलीत मंदे म्हणून. पोरांनी तर मंद करून टाकलं. यावर आबा म्हणतात, चहा कर.

१ फेब्रुवारी, रविवार
सु.ने तोडगा काढला. चंद्रिका. चंद्र पण आला आणि शिवी पण टळली. विहीणबाई खूश. के. म्हणाली, "चालेल."
ते 'चालेल' मला अजिबात आवडलेलं नाही. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. मला निदान थोडं धाडस असतं तर 'नाही चालणार' म्हटलं असतं.

८ फेब्रुवारी, रविवार. धुळे
लिहिताना पाठ अजून हुळहुळतेय.
पाळणा झाला, गाणी झाली. के. खरंच हसत होती. त्या हसण्याकडे बघवेना. मी वाकले, पदर सावरला, 'कुर्रर्र' म्हटलं. पुढचा 'चं' अगदी ओठांवर. पाठीत धपाटे घालायला बायका टपलेल्याच असतात. विहीणबाईंनी हौसेनं असा काही सणसणीत घातला की माझ्या तोंडून, थेट बाळाच्या कानात, सगळ्यांना ऐकू जाईल असं गेलं,
"आयला!"
मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं घर हसायला लागलं. विहीणबाई बिचाऱ्या स्वतःच्या हाताकडे बघत उभ्या. के. हसता हसता रडायला लागली आणि माझ्या गळ्यात पडली.
मी लगेच चंद्रिका म्हटलं, नाही असं नाही. पण म्हाताऱ्या बायकांचं म्हणणं, कानात पहिलं गेलं तेच नाव. विहीणबाईंचं म्हणणं, ती शिवी होती, नाव नव्हतं.

९ फेब्रुवारी, सोमवार. जळगाव
शाळेतून आल्यावर सु.चा फोन. महानगरपालिकेच्या कागदावर नाव अजून घातलेलं नाही. "खरं सांग ताई, धपाट्यानं निघालं की मुद्दाम म्हणालीस?"
देवाशपथ, मला माहीत नाही. चंद्रिकाच म्हणायला वाकले होते. पण तोंडातून गेलं तेव्हा वाईट वाटलं नाही, उलट हलकं वाटलं, हेही खरं.
आबांनी फोन ओढून घेतला. "मंदे, आज सकायले मी हाक मारी, ते पोर हासनी."
कोणत्या नावानं मारली, आबा?
"ते मन्हं नि तिन्हं शे," म्हणाले आणि फोन ठेवून दिला.