लसणीच्या गाठी आणि तुमचा शब्द

बाबा,

कालपासून घरात तुमच्या अंगाचा वास येतोय. खमिराचा. गणपतीला नाहीतर शिमग्याला तुम्ही मुंबईहून यायचात, एसटीतून उतरून पाखाडीच्या पायऱ्या चढून वर यायचात, आणि तुमच्या आधी तो आंबूस-गोड वास दारात पोचायचा. आई न्हाणीत कढत पाणी काढून द्यायची, तुम्ही दोन-दोनदा साबण लावायचात, तरी तो जायचा नाही. मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांना असा वास येतो. शाळेत शेजारी बसणाऱ्या मुलीला तसं विचारलंही होतं. तिचे वडील होडीवर जायचे. ती म्हणाली, "आमच्याला म्हावऱ्याचा येतो." त्या दिवशी मला कळलं की तुम्ही पावाच्या भट्टीवर असता म्हणून तुम्हाला पावाचा वास आहे. तोवर तुम्ही मुंबईत काय करता हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

तुमच्या हातांवर लव नव्हती. कोपराखाली दोन्ही हात पोळून गुळगुळीत झालेले, उन्हात धरले की चकाकायचे. वर्षानुवर्षं भट्टीच्या तोंडाशी उभं राहून लांब दांड्याच्या फळीवरून पावाच्या लाद्या आत सारायच्या, बाहेर ओढायच्या आणि काम संपलं की तिथेच मैद्याच्या पोत्यांवर अंग टाकायचं. पीठ पोटात कमी आणि छातीत जास्त जायचं. खोकला आधी तुमच्यासोबत शिमग्याला आला, मग गणपतीतही राहिला, आणि शेवटी तुम्हाला कायमचं घरी घेऊन आला. पडवीत भिंतीला पाठ लावून बसलेले तुम्ही अजून दिसता. बोलायला तोंड उघडलंत की आधी खोकला बोलायचा.

तशातच तुमच्या भट्टीवरचा तो माणूस आला. भाऊ तेव्हा दहावीला गचकून घरी बसलेला. "पोराला घेऊन जातो, तुमची जागा रिकामीच हाय," असं तो म्हणाला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. आई चहाचं आधण ठेवायला उठली. तुम्हाला बसल्या जागेवरून हलायची ताकद नव्हती, पण आवाज असा काढलात की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. "चाय नको टाकूस गो. हा बसणार नाय." पाहुण्याला चहाशिवाय घालवलेलं आपल्या घराने त्याआधी बघितलं नव्हतं. तो गेल्यावर बराच वेळ तुम्ही दम खात होतात. मग मला म्हणालात, "बाय, तू थोरली. माझ्या मागं ह्या घरातलं कुणी भट्टीपुढं उभं ऱ्हाता नये. ध्यानात ठेव." मी हो म्हटलं. पाऊस सरायच्या आत तुम्ही गेलात. भाऊ गावीच राहिला, लोकांच्या आंब्याच्या कलमांची राखण करता करता त्यानं स्वतःची कलमं लावली. त्याची छाती आज साठीतही ठणठणीत आहे.

आता तुमच्या नातवाचं सांगते. माझा मुलगा, तुम्ही न पाहिलेला. मुंबईत एका हॉटेलात पिझ्झा करायचा. पिझ्झा म्हणजे मैद्याची जाड भाकरीच समजा, वर टोमॅटोचं कालवण आणि चीज घालून भाजलेली. ते हॉटेल बंद पडलं आणि तो रत्नागिरीला घरी आला. बायको-मुलगी इथे माझ्यापाशीच होती. आल्यावर म्हणतो, "आई, ओटीवर विजेचा ओव्हन लावू का? मालगुंडाकडे फिरायला जाणाऱ्यांच्या गाड्या आपल्या दारावरूनच जातात."  त्याला तुमचा शब्द माहीत आहे, मीच सांगितलेला. म्हणून तोच पुढे म्हणाला, "तू नाही म्हणालीस तर नाही. मग दिवाळी झाली की परत जातो. काम मिळेल. जागा मात्र तिघांपुरती मिळायची नाही."

भावाला फोन केला. तो म्हणाला, "देवळात कौल लावू. बाबांचा शब्द मोडायचा तर देवाला विचारून मोड." आपल्याकडे विहीर खणायची तरी देवाला फुलाच्या पाकळ्या लावून कौल घेतात, उजवी पडली की कामाला लागतात, तसं त्याचं म्हणणं चुकीचं नव्हे. पण माझ्या तोंडून गेलं, "देवानं तो खोकला ऐकला नाय रे. तू नि मी ऐकलाय." त्यानं "बघ तुला पटेल तसं," म्हणून फोन ठेवला.

काल मुलानं घरच्या छोट्या ओव्हनमध्ये पिझ्झा करून पाहिला. पीठ उरलं. म्हणाला, "ह्याच्या लसणीच्या गाठी करू." ओट्यावर त्यानं सुका मैदा भुरभुरवला, आणि खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती तिच्यात ते पीठ उठलं.  "थांब," म्हटलं, आणि वाटीत तेल ओतून त्याच्यापुढे सरकवलं. "सुकं पीठ उडवायचं नाही. तेलाचा हात लाव." तो म्हणाला, "चालतं की. उलट बरं." ओव्हन लागला तर रोज असंच करीन, असंही म्हणाला. मला वाटलं होतं, हुज्जत घालील.

मग मलाही बसवलं. पिठाची बोटभर जाड वात वळायची, तिला एक गाठ मारायची, दोन्ही टोकं खाली दडपायची. आता मला गाठ येते ती गवताच्या भाऱ्याची. उभा जन्म तीच मारली, गुडघा रोवून, जीव खाऊन ओढून. तशीच मारली. मुलगा हसून हसून खाली बसला. "आई, डोक्यावरून पडायची नाही ती! सैल मार, तिला फुगायला जागा ठेव." माझ्या घट्ट गाठी भाजल्यावरही आत कच्च्याच राहिल्या, गोट्यांसारख्या. त्याच्या फुगून गुबगुबीत झाल्या. लोण्यात ठेचलेली लसूण परतून, कोथिंबीर घालून त्यानं ती वरून चोपडली. आम्ही सगळे जमिनीवर बसून गरम गरम खात होतो. सगळ्यात मोठी गाठ कुणाची, यावरून बापलेकीचं भांडण लागलं. ती म्हणे, "पप्पा, तुम्ही पाहुणे आहात, पाहुण्यांनी मागायचं नसतं." सून हसली. मुलगा हसला नाही. त्यानं गाठ लेकीच्या ताटलीत ठेवली. तेव्हा मी म्हटलं, "लाव ओटीवर तुझा ओव्हन."

नंतर भांडी घासताना पंखा बसवून घेईन, खिडक्या उघड्या ठेवायला लावीन, तोंडाला फडकं बांधायला सांगीन, असं मनाशी घोकत राहिले. रात्री तो एकदा खोकला तर मी उठून बसले. पाणी पिताना ठसका लागला होता, तेवढंच. पण आता माझं असंच चालणार, जिवंत आहे तोवर कान त्याच्या छातीलाच लागलेले राहणार.

हा कागद कुठे ठेवू कळत नाही. गावच्या घरी तुमच्या फोटोमागे ठेवला तर भावाच्या हाती लागेल, आणि चुलीत घालावा म्हटलं तर घरात चूल नाही. तुम्हाला आमची काळजी होती म्हणून तुम्ही तो शब्द घेतलात, ते मला कळतं. पण खोकल्याचे दिवस तसे थोडेच होते, बाबा. मला जास्त आठवतं ते तुमचं नसणं. शिमगा झाला की तुमची पिशवी भरली जायची, आणि तुम्ही पाखाडी उतरताना आई मला आत बोलवायची, मागून हाक मारू नये म्हणून.

एक सांगायचं राहिलंय. काल तुम्ही इथे भिंतीला पाठ लावून बसलेले असतात, आणि तोच आवाज काढून नको म्हणाला असतात, तरी मी त्याला हो म्हटलं असतं. मला तो घरात हवाय.