शंभर खणांतली शून्यं

१० एप्रिल १९८७
अंधेरी एमआयडीसी. नंदकिशोरशेठच्या ट्रान्सफॉर्मर कारखान्यात, नव्या कॉम्प्युटरवर, मालाच्या तपासणीचे आकडे काढणारा माझा पास्कल भाषेतला प्रोग्रॅम बसवला. झकास. कॉम्प्लेक्स नंबरांचा ॲरे, म्हणजे ओळीने शंभर खण, प्रत्येकात दोन आकडे : रिअल आणि इमॅजिनरी. पुस्तक म्हणतं, बेरीज करण्याआधी सगळीकडे शून्य भरा. कशाला? मशीन नवं, मेमरी कोरी. वेल्डिंगच्या शेडमधून वर आलोय, फुकटची मेहनत ओळखतो.
पुतणीचं लग्न ९ मेला, कुडाळला. भाऊ हयात नाही, कन्यादान माझ्या हातून. आठवडाभर आधी निघणार. ठरलं.

१३ एप्रिल
सकाळी उत्तरं बरोबर. मधे कुणीतरी पगारपत्रक छापलं, मग माझा प्रोग्रॅम लावला तर रेझिस्टन्स मायनसमध्ये, जो कधी असूच शकत नाही! मशीन बंद-चालू केलं, पुन्हा बरोबर. म्हणजे आधीच्या प्रोग्रॅमचं उष्टं खणांत राहतं. दोष मेमरीचा. शेठना सांगितलं, मशीन शांत करावं लागतं, त्याला वर्षानुवर्षं मुरलेला हात लागतो.

१८ एप्रिल
दुसऱ्या कुणी हात लावू नये म्हणून शेठनी मशीनच्या स्विचवर लाकडी पेटी ठोकून घेतली. किल्ली माझ्याकडे. मान आहे! दिवसातून दोनदा बोलावणं. बायको, मालन, म्हणाली, घरात पंख्याचं बटण कधी दाबलं नाहीत, तिथे स्विचमन झालात, त्यापेक्षा ती शून्यं भरा ना. तिला धंदा कळत नाही.

२७ एप्रिल
शून्यं भरली. गुपचूप. दोन्ही आकडे, शंभर खण. पगारपत्रकानंतरही उत्तरं बरोबर. शेठना म्हटलं, पेटी काढा, आता कुणीही चालवेल. त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, धुरीसाहेब, मग आजवरच्या मालाचे आकडे चुकीचे होते की काय? मऊ आवाज मला लांबून ऐकू येतो. म्हटलं, छे छे, हात लागतोच.
पेटी राहिली. तोडगा काढतो.

३ मे
मालन एकटीच गावी गेली. जाताना विचारलं, तुमची वाट मांडवात बघू की पेटीत? म्हटलं, आठ तारखेला रात्रीच्या एसटीत बसतो.
रजा मागितली. शेठ म्हणाले, नऊ तारखेला गिऱ्हाइकाचे इंजिनियर माल तपासायला येतायत, त्यांना तुमच्या हाताबद्दल आधीच सांगून ठेवलंय.
अजून बोलून बघतो. शेठ माणूस चांगला आहे.

९ मे, दुपार
पेटी उघडली. बंद केलं. दहापर्यंत मोजलं. चालू केलं. उत्तरं बरोबर, नसतं केलं तरी आली असती. इंजिनियरांना फार आवडलं. यापुढे प्रत्येक रिपोर्ट धुरींच्या हाताखालूनच पाहिजे, असं लिहून देऊन गेले. शेठनी पेढे वाटले.
मुहूर्त साडेअकराचा होता. कन्यादान मुलीच्या मामाने केलं असेल.
पेढा खाल्ला.