शंकरपटासाठी कमावलेली मान

रविवार, माघ, १९५५

आज शंकरपट, बैलजोड्यायची शर्यत, जिंकलो! मागच्या साली छकडा सुटताच मान अशी मागे गेली, का बैलांऐवजी आभाळच दिसलं आन् हरलो. म्हणून यंदा रोज डोक्यावर पाण्याचा गुंड वाहून मान कमावली. विहिरीवरच्या बाया लय हसल्या. हसू दे!

आज मान खुंट्यावानी ताठ राह्यली. पण मंग वळेच ना. शेजारची जोडी कुठी होती, दिसलंच नाई. लहान भावाले विचारलं, "कोण जिंकलं रे?"

"तूच, दादा! हारासाठी मान वाकव."

वाकते कुठी? बुटके पाटील छकड्यावर चढले, तवा हार गळ्यात पडला.

आता बायको मानेले तेल चोळून राह्यली आन् हसून राह्यली. मलेही हसू येते, पण हसलं का मान दुखते.