रत्नम शिंप्यांनी दिलेला शब्द

तीर्थरूप आईस,

विजयवाड्याहून अमृतचा पाया पडून नमस्कार. सोनं गाळायचं काम बरं चाललंय. खोकला हाय, पण थोडाच. तुझा गुडघा कसा हाय?

आमच्या शेजारचे रत्नम शिंपी साठीचे हायत. रविवारी आपल्याच कृष्णेत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आदल्या दिवशी ते सख्ख्या भावाची माफी मागून आले. बारा वर्षं अबोला होता.

मी म्हणलं, "पाण्यात बुडी मारली की पाप धुतंयच की!"

ते म्हणाले, "पाणी नुसती साक्ष. येशूच्या मागं चालायचा शब्द देतोय, तर पयलं पाऊल भावाच्या दाराकडंच पडाय पायजे."

लय मोठ्या मनाचा माणूस!

हे पत्र तुला दादाच वाचून दाखवत असंल. दादा, मी तुझ्यावर हात उगारला, माझं चुकलं. दिवाळीला घरी येऊ का?

तुमचा,
अमृत