कच्छच्या खचदरीत आई

आई, आज मंचरच्या कॉलेजात मुलांना खचदरी शिकवली. फळ्यावर चित्र काढता काढता तुझा प्रश्न कानात आला, "भुई अशी ताणती व्हय गं?" घरी आले आणि लिहायलाच बसले.

डिंगोऱ्याच्या आपल्या घरात, स्वयंपाकघरात तू भाकरी थापतेयस. नव्वदीचं दशक सरत आलंय. माझी पीएचडी अडलीय, कारण कच्छात राहून खडक मोजायला हवेत. आपल्याकडे लेण्याद्रीच्या कड्यापासून घाटापर्यंत काळा पाषाण, थरावर थर. जमीन ताणून फाटली कशी हे बघायचं तर तिकडेच जायला हवं. धाकटे चुलते उंबऱ्यात उभे राहून म्हणतात, "वैनी, पोरगी एकटी रानात हिंडणार? लोक काय म्हणतील?" तू भाकरी उलटतेस आणि मान न वळवता म्हणतेस, "एकटी न्हाई. म्या जाते संगं."

"आन् घर?"

"घर काय पळून चाललंय व्हय?"

चुलते उंबऱ्यावरून माघारी फिरले. तोवर तू तालुक्यातल्या आळेफाट्याच्या पुढं फारशी गेली नव्हतीस.

कच्छच्या उन्हात पदर डोक्यावरून घेऊन, टेपचं एक टोक धरून तू खडकावर उभी राहायचीस आणि मलाच दम द्यायचीस, "नीट लिही. चुकलीस तर समदं परत मोजायला लावीन." संध्याकाळी चुलीपाशी तू विचारायचीस आणि मी सांगायचे. जमीन ओढली गेली की आधी पुष्कळ लहान भेगा पडतात आणि त्यांच्या कडेनं खडक सरकतो. काही भेगा वाढत एकमेकींना मिळतात, सगळी ओढ त्याच घेतात, बाकीच्या थंडावतात. मधली जमीन खचते, तिच्यात वाळू न् गाळ साठतो; जिकडं जास्त खचते तिकडं जाड.

"आन् मंग?"

"मग कितीतरी काळ शांत. पुन्हा ओढ लागते ती वेगळ्याच दिशेनं. जुन्या भेगा असतातच. त्यातल्या काही तिरक्या सरकतात, नव्या भेगा त्यांच्यापाशी येऊन थांबतात."

"दोनदा वढल्याली म्हन की."

"मला तसं वाटतंय. पीएचडीचे सर म्हणतात, एकदाच."

एका दुपारी भेगेची गुळगुळीत भिंत सापडली. तिच्यावर खडक घासून उमटलेले, सरळ खाली उतरणारे ओरखडे आणि त्यांना कापत गेलेले तिरके. शेजारी खालचा वाळूचा थर एका भेगेकडे जाड होत गेलेला, वरचा दुसरीकडेच. मी मटकन खालीच बसले. ऊन लागलं समजून तू अख्खा तांब्या माझ्या डोक्यावर ओतलास.

मग पुण्याचं चर्चासत्र. एक ज्येष्ठ प्राध्यापक उठून म्हणाले, हे सगळं एकाच ताणानं होऊ शकतं. मी म्हणाले, "सर, ओरखड्यांचं तसं मानू. पण मग वाळूच्या जाडीनं बाजू का बदलली?" त्यांनी पुढं येऊन नकाशावर दोन्ही थरांची जाडी ताडून पाहिली. मग म्हणाले, "बरोबर आहे. ही खचदरी दोनदा ताणली गेलीय." माझे सरही हसले. तू शेवटच्या रांगेत होतीस, इंग्रजीतला एक शब्द तुला कळला नव्हता, पण शिवाजीनगरच्या स्टँडवर जुन्नरच्या गाडीची वाट बघणाऱ्या सगळ्यांना तू सांगत सुटलीस, "पोरीचं खरं ठरलं बघा. टेप म्या धरली व्हती!" तेव्हा मी लाजून पलीकडं बघत उभी राहिले, पण ऊर भरून आला होता. पुढं पुष्कळांनी शाबासकी दिली. तुझ्यासारखी कुणाला जमली नाही.

आता तू जाऊनही किती वर्षं झाली. मुलीला एकटीला रानात पाठवायला कचरणारे आईबाप अजून भेटतात. मी त्यांना तुझी गोष्ट सांगते. मागच्या वर्षी आणे गावच्या एका मुलीची आई खरंच सोबत आली.

हे कुठं धाडायचं नाहीच, तर एक सांगून टाकते. "अजून मोजायचं राहिलंय" असं मी म्हणाले म्हणून आपण कच्छात आठवडाभर जास्त राहिलो. राहिलं काहीच नव्हतं गं. संध्याकाळी तू खडकावर पाय पसरून, काही न करता नुसती बसायचीस. घरी तुला तसं बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.